तीन खुंट्यांचा सांधा

१

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, गेली कित्येक वर्षं उजवीकडे वळणारा एक लाकडी रूळ डावीकडे वळलेला किल्लीकाकांना सापडला.

किल्लीकाका म्हणजे खेळणीघराचे व्यवस्थापक. पुस्तकं घरी न्यावीत तशी इथून खेळणी आठवड्याच्या बोलीवर घरी नेता येत. आठ कपाटं, दोन दालनं, एक माळा आणि या सगळ्यांच्या किल्ल्या काकांच्या कमरेला. त्यांची बायको म्हणायची, हे गर्दीत हरवले तरी चिंता नाही, आवाजावरून सापडतील.

त्या सकाळी काका मोठ्या दालनात जमिनीवर गुडघे टेकून आगगाडीचा संच मांडत होते. हा संच खेळणीघराचा जीव की प्राण. ज्यांनी खेळणीघर काढलं त्या मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने बनवला होता. बासष्ट तुकडे, सगळे लाकडी. रुळाच्या एका टोकाला खुंटी, दुसऱ्याला खोबण. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खोबणीत बसवत गेलं की मार्ग तयार होतो. जिथे एका मार्गाचे दोन फुटतात तो तुकडा म्हणजे सांधा. साध्या सांध्याला एक खुंटी आणि दोन खोबणी असतात. मास्तरांच्या संचात असे तीन साधे सांधे होते आणि चौथा एक अजब होता. त्याच्या तिन्ही टोकांना खुंट्याच होत्या. असा तुकडा कुठल्याही कारखान्याने कधी बनवलेला नव्हता. तो मधोमध ठेवायचा, त्याच्यापासून निघालेले तीन मार्ग तीन साध्या सांध्यांना जाऊन मिळायचे, आणि सगळं वर्तुळ असं चपखल बंद व्हायचं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

आज ते बंद होईना. भिंतीवर मास्तरांनी काढलेला नकाशा चौकटीत लावलेला होता. काका त्याच्याकडे बघत एकेक तुकडा जोडत आले आणि शेवटी हातभर फट उरली. त्यांनी सगळं मोडून पुन्हा मांडलं. पुन्हा हातभर फट. तिसऱ्यांदा मांडताना त्यांचं लक्ष मधल्या सांध्याकडे गेलं. नकाशात तो उजवीकडे वळत होता. जमिनीवर मात्र डावीकडे.

बाकीच्या तुकड्यांना दोन्ही बाजूंना चाकांचे चर होते, त्यामुळे ते हवे तसे पालथे घालता येत. हा एकच तुकडा एका बाजूने कोरलेला, खालून सपाट. तो उलटा करून भागणार नव्हतं. काकांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं, दालनातून बाहेर जाऊन परत आले. सांधा डावीकडेच वळत होता.

नेमक्या त्याच वेळी अध्यक्षबाई आत आल्या. रविवारी चार वाजता मास्तरांच्या पत्नी, म्हणजे मास्तरीणबाई, संच चालताना बघायला येणार होत्या. मास्तर गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा. खेळणीघराची जागा त्यांनीच दिलेली होती आणि देताना पत्रात एकच अट घातली होती: संचातला एकही तुकडा हरवला, तर संच आणि जागा दोन्ही परत.

अध्यक्षबाईंनी फट बघितली. सांधा बघितला. मग काकांच्या कमरेकडे बघत त्या शांतपणे म्हणाल्या, "किल्ल्या तुमच्याकडेच असतात ना?"

२

काकांनी एक्स-रे बाईंना बोलावून घेतलं.

एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत काढली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून त्या आठवड्यातून तीन दिवस खेळणीघरात येत आणि माळ्याखालच्या टेबलावर 'अनाथांचा डबा' घेऊन बसत. लोक जुनी खेळणी दान करत, त्यात दहा घरचे रूळ एकमेकांत मिसळलेले असत. कुठला रूळ कुठल्या संचाचा, खुंटीची मान जाड की बारीक, चर किती खोल, कड घासलेली की तासलेली, हे बाई केसातल्या आकड्याने मोजून सांगत. दूरदूरचे लोक विचित्र तुकडे टपालाने पाठवून त्यांना विचारत, आणि बाई उलट टपाली त्या तुकड्याचं गोत्र कळवत.

बाईंनी सांधा खिडकीपाशी नेला. काका पाठोपाठ गेले आणि एका दमात आपण कसे निर्दोष आहोत ते सांगू लागले.

"श्वास रोखा," बाई म्हणाल्या. ती त्यांची जुनी सवय होती, पण परिणाम अजून व्हायचा. काका गप्प झाले.

पाचेक मिनिटांनी बाईंनी निदान सांगितलं. हा मास्तरांचा तुकडा नव्हेच. लाकूड वेगळं, फार घट्ट दाण्याचं, मुठीएवढ्या तुकड्याच्या मानाने जड. लांबी-रुंदी मात्र केसभरही चुकलेली नाही. चर यंत्राने पाडलेले नाहीत, बारीक हत्याराने थोडेथोडे करून कोरलेत, आणि ज्याने कोरलेत त्याचा हात सोन्याचा आहे. शिवाय वरच्या पृष्ठभागावर, लाकडाच्या रेघांमध्ये, जांभळ्या शाईचा अगदी पुसट अंश आहे.

मग त्यांनी संचातले बाकीचे रूळ उचलून त्यांच्या खुंट्या ओल्या कापसाने पुसून बघितल्या. प्रत्येक वेळी कापसावर निळसर डाग आला. काका ओशाळले. वास्तविक दर महिन्याला आपण स्वतः संच पुसतो, हा महिना तेवढा राहिला, असं त्यांनी सांगून टाकलं. बाईंनी शेवटी नव्या सांध्याच्या तिन्ही खुंट्या पुसल्या. कापूस पांढराच राहिला.

"छान," बाई म्हणाल्या. काय छान ते सांगितलं नाही.

नोंदवही काढली. गेल्या वर्षी खेळणीघराच्या वर्धापनदिनाला संच मांडला होता तेव्हा सगळं व्यवस्थित बसलं होतं. त्यानंतर तो तीन जणांकडे जाऊन आला: आधी रूळ जमवणारा संग्राहक, मग दंतवैद्य, मग समोरच्या गल्लीतला शिक्केवाला. दर वेळी परत आल्यावर काकांनी तुकडे मोजले होते. बासष्ट. फक्त मोजले होते, जोडून कोणी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात अध्यक्षबाई हातात एक घडीपत्रक फडकवत आल्या. खेळणीघराच्या वर्धापनदिनाला छापलेलं. त्यावर मास्तर आपल्या संचाशेजारी उकिडवे बसलेले, आणि मधोमध तो सांधा.

"बघा तुम्हीच," त्या म्हणाल्या. "फोटो काही खोटं बोलत नाही. हा तर पहिल्यापासून डावीकडेच वळतोय."

३

काकांनी पत्रक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. चोर परवडला, पण आपलं डोकं फिरलंय हे कळणं परवडत नाही. अकरा वर्षं ज्या तुकड्याला आपण उजवा समजत आलो तो डावा निघाला, तर मग बाकीच्या गोष्टींचा भरवसा काय. आपलं घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, हेही त्यांनी मनातल्या मनात एकदा तपासून बघितलं.

अध्यक्षबाईंचं म्हणणं सरळ होतं. नकाशा चुकलाय, काकांची आठवण चुकलीय, तुकडा तोच आहे. तेव्हा या विषयावर पडदा टाकावा आणि फट दिसू नये म्हणून तिथे एक कुंडी ठेवावी.

एक्स-रे बाईंनी पत्रक हातात घेतलं आणि सांध्याकडे न बघता त्या मास्तरांकडेच बघत राहिल्या.

"मास्तरांचं हृदय उजवीकडे होतं का हो?" त्यांनी विचारलं.

दोघांनाही प्रश्न कळला नाही. बाईंनी फोटोतल्या सदऱ्यावर बोट ठेवलं. खिसा उजव्या छातीवर होता. बटणांची पट्टीही उलट बाजूची. छापखान्यात घाईघाईत कोणीतरी फोटो उलटा लावला होता आणि वर्षभरात एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नव्हतं. इस्पितळात असताना फिल्मवर डावं-उजवं लिहायला विसरलेल्या माणसाला बाई दुपारपर्यंत उभं ठेवत. नाहीतर भलत्याच पायाला प्लॅस्टर बसतं, असं त्यांनी अध्यक्षबाईंना समजावून सांगितलं.

काकांचं डोकं जाग्यावर आलं आणि लगेच धावायलाही लागलं. त्यांनी मांडलं की चोराने या उलट्या फोटोवरूनच नक्कल बनवली असणार, म्हणून ती उलटी झाली. बाईंनी मान हलवली. फोटोतला सांधा नखाएवढा. त्याच्यावरून केसभरही न चुकणारं माप कसं मिळेल? नक्कल करणाऱ्याच्या हातात अस्सल तुकडा होता. अस्सल तुकडा समोर ठेवून, इतक्या कसबाने, त्याने नेमकी उलटी नक्कल केली.

"आणि त्याला ते कळलं नाही," बाई म्हणाल्या. "कळलं असतं तर त्याने ती परत दिलीच नसती. चला, आधी संग्राहकांकडे."

४

संग्राहकाच्या घरात माणसं भिंतीला धरून चालत, कारण मधली सगळी जागा खणांच्या कपाटांनी व्यापलेली होती. प्रत्येक खणावर चिठ्ठी, आणि आतल्या प्रत्येक रुळाच्या पोटावर जांभळ्या शाईचा एक ठिपका. ठिपका बघताच काकांनी बाईंना कोपर मारलं. बाईंनी दुर्लक्ष केलं.

संग्राहक हा उंच, वाकलेला आणि फार दुःखी दिसणारा माणूस. मास्तरांच्या त्या सांध्यासाठी त्याने मास्तरांच्या हयातीत बारा वेळा विनंती केली होती. बदल्यात काय काय देऊ केलं होतं त्याची यादीच त्याने म्हणून दाखवली. तिच्यात त्याच्या बायकोचं शिवणयंत्रही होतं. आतल्या खोलीतून त्यावर एक खाकरणं ऐकू आलं.

बाईंनी त्याला पाठमोरं बसवलं आणि हात मागे करायला सांगितले. पिशवीतून आणलेले अनाथ रूळ त्या एकेक करून त्याच्या हातात देऊ लागल्या. तो नुसत्या अंगठ्याने चाचपून सांगत गेला: हा जुन्या घडणीचा, याची खुंटी नंतर बसवलेली, हा चढाचा रूळ, खालून झिजलाय, हा रूळच नाही, कपड्यांच्या ब्रशची मूठ आहे.

"ती माझी चूक," बाई म्हणाल्या आणि नवा सांधा त्याच्या तळहातावर ठेवला.

अंगठा एकदा फिरला आणि थांबला. संग्राहकाच्या मानेवरचे केस ताठ झालेले काकांनी स्वतः बघितले.

"तीन खुंट्या," तो पुटपुटला. "पण डावा. डावा असतो? दोन केले होते मास्तरांनी?"

त्याने वळून तुकडा बघितला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. हा मला द्या, म्हणाला. अख्खं डावीकडचं कपाट न्या. बायकोने आतून विचारलं की कपड्यांचं की रुळांचं.

बाहेर पडल्यावर काका म्हणाले की नाटक चांगलं वठलं. बाई म्हणाल्या की जो माणूस पाठीमागे हात बांधून डावं-उजवं ओळखतो, तो डोळे उघडे ठेवून उजव्याचं डावं कसं करेल? शिवाय तो आपल्या रुळांना ठिपका पोटावर लावतो. आपल्या सांध्याची शाई पाठीवर आहे.

दंतवैद्याकडे पोचले तेव्हा तो खुर्चीतल्या रुग्णाला तोंड उघडं ठेवायला सांगून बाहेर आला. बाईंनी एवढंच म्हटलं, की मास्तरांच्या संचाबद्दल थोडं बोलायचं होतं.

दंतवैद्याने दार लावून घेतलं. त्याचा चेहरा त्याच्या कोटाहून पांढरा झाला होता.

"मला माहीत होतं कधीतरी कळणार," तो म्हणाला. "हो, मीच केलं."

५

काकांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांनी पटकन खुर्ची ओढून बसकण मारली. पण कबुलीजबाब पुढे गेला तसा तो भलतीकडेच वळला.

वेटिंग रूममधल्या रुग्णांना जरा विरंगुळा म्हणून दंतवैद्याने संच नेला होता. खरं म्हणजे दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तो स्वतःच गाडी चालवत बसायचा. एकदा पाय पडून एका वळणाच्या रुळाची कड उडाली. मग त्याने काय करावं? जे येतं तेच केलं. कड साफ केली, सिमेंट भरलं, घासून गुळगुळीत केलं. संच जोडताना काही सांधे घट्ट लागत होते, म्हणून चावा तपासायचा निळा कागद प्रत्येक खुंटीला लावून कुठे घासतंय ते बघितलं आणि तिथे तिथे हलक्या हाताने तासलं. काम पक्कं झालंय, फक्त पहिले दोन दिवस जड गाडी नेऊ नये, एवढं त्याने पुढे जोडलं.

"प्रत्येक खुंटीला लावला होतात कागद?" बाईंनी विचारलं.

"बासष्ट तुकडे. एकही सोडला नाही."

"त्या तीन खुंट्यांच्या सांध्यालासुद्धा?"

"तिन्ही खुंट्यांना. अर्धवट काम आपण करत नाही."

बाईंनी पिशवीतला सांधा त्याला दाखवला आणि विचारलं की याची नक्कल करायची तर तुम्ही कशी कराल. त्याने क्षणभरही विचार केला नाही. साच्यात ठसा घ्यायचा आणि ओतायचं. मग बाईंनी विचारलं की अशी केलेली कवळी कधी उलटी होते का, म्हणजे डाव्या दाढा उजवीकडे? दंतवैद्याला ते इतकं लागलं की त्याने बावीस वर्षांचा अनुभव काढला. आतून रुग्णाने तोंड उघडं ठेवूनच काहीतरी हाक मारली, तेव्हा कुठे तो आत गेला.

रस्त्यावर आल्यावर काका बरेचसे हिरमुसले होते. बाई मात्र भराभर चालत होत्या. त्यांनी चालता चालता हिशेब मांडला. दंतवैद्याने सगळ्या खुंट्यांना निळा कागद लावला, म्हणून सगळ्या संचावर निळे डाग आहेत. या एका तुकड्याच्या खुंट्या स्वच्छ आहेत. याचा अर्थ संच दंतवैद्याकडे होता तेव्हा त्यात अस्सल सांधा होता, आणि तो बदलला नंतर.

काका थांबले. दंतवैद्यानंतर यादीत एकच नाव उरत होतं, आणि ते त्यांच्या जिवावर आलं. शिक्केवाला हा मास्तरांचा चाळीस वर्षांचा मित्र होता. मास्तर आजारी असताना रोज संध्याकाळी उशाशी बसायचा.

"त्याने मास्तरांची वस्तू चोरली असं म्हणायचंय तुम्हाला?"

"चोरली असं मी कुठे म्हटलं," बाई म्हणाल्या. "डाव्या-उजव्याचा घोळ झाला, एवढंच म्हणतेय. आणि असा घोळ चोराकडून होत नाही, तो सवयीने होतो."

६

शिक्केवाल्याचं दुकान एका दाराचं होतं. भिंतीवर चाळीस-पन्नास वर्षांत बनवलेल्या शिक्क्यांचे ठसे चिकटवलेले: शाळा, दवाखाने, वकील, गोदामं, एका बँडपथकाचासुद्धा. काउंटरवर शिक्क्यांचा ट्रे होता आणि त्यातली सगळी अक्षरं उलटी. काकांनी एक वाचून बघायचा प्रयत्न केला आणि त्यांची मान लचकली.

शिक्केवाला ठेंगणा, स्वच्छ, बोटांना कायमचा जांभळा रंग चढलेला म्हातारा. त्याने दोघांना स्टुलं दिली, चहा सांगितला, आणि काय काम काढलंत असं विचारताना त्याची नजर बाईंच्या पिशवीवर होती.

बाईंनी सांधा काढून काउंटरवर ठेवला. आरोप केला नाही. फक्त म्हणाल्या की याचा एक ठसा हवाय, काढून द्याल का.

शिक्केवाल्याने शाईची गादी पुढे ओढली. सांधा पालथा करून गादीवर टेकवला, कोऱ्या कागदावर दाबला आणि अलगद उचलला. कागदावर रुळाचं जांभळं चित्र उमटलं, मधे पांढरे चर. मार्ग सरळ येऊन डौलात उजवीकडे वळत होता.

"कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"बरोबर आहे की," शिक्केवाला म्हणाला. सवयीने त्याने ठसा उजेडात धरला होता. "कुठेही चुकलेलं नाही."

"ठसा बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लाकडी सांधा उताणा करून कागदाशेजारी ठेवला. ठसा उजवीकडे वळत होता. तुकडा डावीकडे.

शिक्केवाला एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. चहा आला, ठेवला गेला, निवत गेला. शेवटी तो खाली बसला आणि काउंटरच्या मागूनच बोलू लागला.

मुलगी आठ दिवसांसाठी आली होती, सोबत तिचा कुत्रा. नातीसाठी म्हणून त्याने संच आणला. तिसऱ्या दिवशी दुपारी डुलकी लागली आणि जाग आली ती कुरतडण्याच्या आवाजाने. बासष्ट तुकड्यांतून कुत्र्याने नेमका तोच उचलला होता. दोन खुंट्या गायब, एका टोकाचा चोथा. पण आकार कळत होता, मापं घेता येत होती. त्याने कागदावर रेखाटन केलं, ठशांसाठी जपून ठेवलेला घट्ट लाकडाचा शेवटचा ठोकळा काढला आणि कोरायला बसला.

पुढचं तो हळू आवाजात बोलला. हाताने कोरलेला शिक्का आता कोणी मागत नाही, यंत्र दहा मिनिटांत काढून देतं. सहा वर्षांत त्याने हत्यार उचललेलं नव्हतं. बोटं थरथरतील असं वाटलं होतं, पण नाही थरथरली. चार दिवस तो जेवायलासुद्धा मुश्किलीने उठला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. काम झाल्यावर त्याने ते तपासलं, जन्मभर तपासलं तसंच: शाई लावून ठसा घेतला आणि रेखाटनावर धरला. तंतोतंत जुळला.

"पन्नास वर्षं उलटं कोरतोय हो मी," तो म्हणाला. "हाताला सरळ कोरताच येत नाही. आणि ते मला माहीतच नव्हतं."

त्याने खणातून एक पत्र्याची डबी काढली. आत कापसावर अस्सल सांध्याचे चावलेले अवशेष होते. ते टाकून द्यायचं धाडस त्याला झालं नव्हतं आणि सांगायचंही झालं नव्हतं. मास्तरांच्या वस्तूला कुत्रा लावला, हे मास्तरीणबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

काका डबीकडे बघत राहिले. त्यांची नोकरी वाचली होती, पण आनंद म्हणून काही होईना. रविवारी मास्तरीणबाईंनी अटीवर बोट ठेवलं तर हा म्हातारा पुन्हा कधी मान वर करणार नाही, हे त्यांना दिसत होतं. अध्यक्षबाईंची कुंडी काही वाईट नाही, असं ते चाचरत म्हणाले.

"नको," शिक्केवाला म्हणाला. "रविवारी मीच सांगतो."

७

रविवारी मास्तरीणबाई चारला पाच मिनिटं कमी असताना आल्या. वय ब्याऐंशी, हातात काठी, आणि काठी टेकवण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त वापरायची पद्धत. त्यांना खुर्चीवर बसवलं. संच न मांडता ढीग करून ठेवलेला होता. अध्यक्षबाई दाराशी उभ्या राहून कोणत्याही क्षणी भोवळ येण्याच्या तयारीत होत्या. संग्राहक आणि दंतवैद्य न बोलावता आले होते आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे होते.

शिक्केवाला पुढे झाला. डबी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि कुत्र्यापासून ठशापर्यंत सगळं सांगितलं, मधे कुठेही स्वतःला सावरून न घेता. सांगून झाल्यावर तो हात जोडून उभा राहिला.

मास्तरीणबाईंनी चावलेला तुकडा उचलून जवळून बघितला.

"अट हरवण्याची होती," त्या म्हणाल्या. "हा हरवलेला नाही. चावलेला आहे."

अध्यक्षबाईंनी दाराची चौकट सोडली.

मास्तरीणबाईंनी मग विचारलं की या तुकड्याला तीन खुंट्या का, हे कोणाला ठाऊक आहे का. संग्राहक लगेच पुढे सरसावला. त्याच्याकडे चार उपपत्त्या होत्या. काठीने त्याला थांबवलं.

"चुकून," त्या म्हणाल्या. "मी जेवायला हाका मारत होते आणि हे तंद्रीत होते. दोन खोबणी करायच्या त्या जागी खुंट्या करून बसले. मग टाकवेना. इतक्या छान खुंट्या झाल्यात, म्हणाले. त्या एका तुकड्याला कुठेतरी जागा मिळावी म्हणून तीन महिने आमच्या घरभर रूळ पसरलेले होते. मी स्वयंपाकघरात उड्या मारत जायची. आणि तुम्ही लोक त्याला चमत्कार म्हणता."

संग्राहक हळूच आपल्या कोपऱ्यात परत गेला.

मास्तरीणबाईंनी शिक्केवाल्याकडे नवा सांधा मागितला आणि त्याच्या चरांवरून नखाने मागेपुढे फिरवून बघितलं. हात अजून चांगला चालतो तुमचा, म्हणाल्या. हे असते तर त्यांनी दोन दिवस हातातून खाली ठेवला नसता. मग प्रश्न आला की तो मांडायचा कसा. त्याचं उत्तर एक्स-रे बाईंकडे तयार होतं. बाकीचे एकसष्ट तुकडे दोन्ही बाजूंनी कोरलेले आहेत. सगळे पालथे घाला, नकाशा आरशात धरा आणि त्याप्रमाणे जोडत जा.

तसंच केलं. दंतवैद्य आणि संग्राहक गुडघ्यांवर रांगत जोडत होते, एकमेकांच्या चुका काढत होते. शिक्केवाला आरसा धरून उभा होता. अर्ध्या तासात मार्ग उलटा पण पुरता उभा राहिला आणि शेवटची खुंटी खोबणीत खटकन बसली. फट उरली नाही.

काकांनी सवयीने तुकडे मोजायला सुरुवात केली होती. मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं की इतक्या वर्षांत तुम्ही ही गाडी कधी चालवलीत का.

काका गोंधळले. त्यांनी ती मांडली होती, मोजली होती, पुसली होती, कुलूपबंद केली होती. चालवली नव्हती. ते आपलं काम आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मास्तरीणबाईंनी खोक्यातून लाल इंजिन काढून काकांच्या हातात दिलं. काका किल्ल्यांचा जुडगा कमरेवर धरून खाली बसले आणि इंजिन रुळावर ठेवून हलकेच ढकलू लागले. वळण आलं, सरळ मार्ग आला, मग मधला सांधा. चाकं जराही न अडखळता डावीकडे वळली. काका गुडघ्यांवर सरकत त्याच्यामागे गेले, अख्खी फेरी पुरी करून जिथून निघाले तिथे आले. कोणीतरी त्यांना उठायला हात दिला.

तो त्यांनी घेतला नाही. ते पुन्हा निघाले.